जोड

कुस्तीच्या फडात ‘जोड’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. लढतीची जोडी म्हणजे जोड, आणि तोडीस तोड असा समोरचा मल्ल म्हणजेही जोड. ‘त्याला जोडच मिळाली नाही’ असे एखाद्या पैलवानाबद्दल म्हणतात, तेव्हा त्यात कौतुक असते आणि थोडी हळहळही. ज्याला आस्मान दाखवायचे, त्यालाच आपली भाषा जोडीत बसवते, कारण तो नसेल तर कुस्तीच नाही. सलामी होते, हाताला हात लागतो आणि मग पकड सुरू होते. वैऱ्याची गोष्ट वेगळी. वैरी नाहीसा झाला तर माणूस सुटकेचा श्वास सोडतो. जोड फडावर आलीच नाही, तर मल्ल खट्टू होऊन घरी जातो.

भारत आणि पाकिस्तान यांच्यातील क्रिकेटला आता सत्तरहून अधिक वर्षे झाली. हे दोन संघ एकमेकांची जोड आहेत की वैरी, हा प्रश्न या सगळ्या काळात नीटपणे कधी सुटलाच नाही. दोन्ही बाजूंनी सोयीप्रमाणे कधी हा शब्द वापरला, कधी तो. माझ्या मते हा प्रश्न केवळ क्रीडासमीक्षेचा नाही, नीतीचा आहे. त्याची किंमत मैदानावरचे अकरा जण देतात त्याहून जास्त मैदानाबाहेरची माणसे देतात.

जबलपुरात राहून या प्रश्नाचा विचार केला, की तो थोडा वेगळा दिसतो. येथे १९०४ साली गन कॅरेज फॅक्टरी सुरू झाली. खमरियाला दारूगोळा तयार होतो. धनुष तोफ याच गावात घडते. ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स या दोन रेजिमेंटांची केंद्रे येथे आहेत. सामन्याच्या दिवशी वाहिन्यांवर ‘महायुद्ध’, ‘हल्ला’, ‘तोफखाना’ असे शब्द उधळले जातात. देशाच्या बहुतेक भागांत ती नुसती अलंकारिक भाषा असते. आपल्या शहरात तोफ म्हणजे कारखान्याची पाळी आहे, पगार आहे, निवृत्तिवेतन आहे. युद्ध काय असते ते ज्या गावाला असे घरबसल्या माहीत आहे, त्या गावाने तरी खेळ आणि युद्ध यांची गल्लत करू नये, अशी अपेक्षा अवाजवी नाही. जॉर्ज ऑरवेलने १९४५ साली एका लेखात आंतरराष्ट्रीय सामन्यांवर असा ठपका ठेवला होता, की ते सद्भावना वाढवत नाहीत, वैरच वाढवतात. त्याचे निरीक्षण चुकीचे नव्हते. पण असे का होते आणि ते टाळता येते का, हे पाहायचे तर इतिहासाकडेच जावे लागते.

हा इतिहास १९५२ पासून सांगण्याची पद्धत आहे. मला तो १९४७ च्या मार्चपासून सांगावासा वाटतो. बडोद्याला रणजी करंडकाचा अंतिम सामना होता, बडोदा विरुद्ध होळकर. बडोद्याकडून विजय हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावा जोडल्या. हजाऱ्यांच्या २८८, गुल महंमद यांच्या ३१९. कोणत्याही गड्यासाठीची ही जगातली सर्वांत मोठी भागीदारी म्हणून २००६ पर्यंत टिकली. एक सांगलीचा मराठी ख्रिस्ती, दुसरा लाहोरचा मुसलमान. दोघे मराठ्यांच्या एका संस्थानाकडून मराठ्यांच्याच दुसऱ्या संस्थानाविरुद्ध खेळत होते. फाळणीला पाच महिने उरले होते.

याच हजाऱ्यांना मुंबईच्या पंचरंगी स्पर्धेत मात्र धर्माप्रमाणे संघ घ्यावा लागे. तेथे हिंदू, मुसलमान, पारशी आणि युरोपियन असे संघ होते आणि जे कोणातच बसत नाहीत, त्यांच्यासाठी ‘रेस्ट’, म्हणजे उरलेल्यांचा संघ. १९४३ च्या डिसेंबरात हिंदूंकडून विजय मर्चंट यांनी नाबाद २५० धावा केल्या. उरलेल्यांचा संघ फॉलोऑननंतर ३८७ धावांत संपला, त्यांतल्या ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या होत्या. गांधीजींनी १९४० सालीच अशा धर्मवार क्रिकेटला विरोध केला होता. १९४६ नंतर ती स्पर्धा बंद पडली. स्पर्धा बंद झाली, पण प्रेक्षकाला धर्माच्या गठ्ठ्यात बसवून सामना पाहायला लावण्याची सवय गेली नाही. फाळणीनंतर त्या सवयीला नवी सीमारेषा मिळाली.

१९४६ च्या इंग्लंड दौऱ्यावरील भारतीय संघात हजारे आणि गुल महंमद होते, आपल्या शेजारच्या सागर शहरात जन्मलेले चंदू सरवटे होते आणि अब्दुल हाफीज नावाचा लाहोरचा एक तरुणही होता. हाच अब्दुल हाफीज कारदार १९५२ च्या ऑक्टोबरात पाकिस्तानचा कर्णधार म्हणून दिल्लीला नाणेफेकीसाठी उतरला. समोर भारताचे कर्णधार लाला अमरनाथ, तेही लाहोरात वाढलेले. दिल्लीला विनू मंकड यांनी पहिल्या डावात ८ आणि दुसऱ्यात ५ बळी घेऊन भारताला जिंकून दिले. लखनौला फझल महमूद यांनी पाकिस्तानला जिंकून दिले. मुंबईच्या ब्रेबर्न मैदानावर हजाऱ्यांच्या नाबाद १४६ धावा झाल्या आणि भारत पुन्हा जिंकला. गुल महंमद त्या मालिकेत भारताकडून खेळले; १९५६ साली तेच पाकिस्तानकडून ऑस्ट्रेलियाविरुद्ध खेळले. पहिल्या तीन सामन्यांत तीन निकाल लागले. याला जोड म्हणतात. खेळाडू एकमेकांना ओळखत होते, एकमेकांच्या फिरकीची आणि फटक्यांची त्यांना माहिती होती, आणि हरण्याची तयारी ठेवून ते जिंकायला उतरले होते.

त्यानंतर जे घडले ते विचार करण्यासारखे आहे. त्याच मालिकेतले उरलेले दोन सामने अनिर्णित राहिले. १९५४-५५ साली भारतीय संघ पाकिस्तानात गेला. पाचही सामने अनिर्णित. १९६०-६१ साली पाकिस्तानचा संघ येथे आला. पुन्हा पाचही अनिर्णित. ओळीने बारा सामने, निकाल एकाचाही नाही. खेळपट्ट्या संथ होत्या, फलंदाजी चिवट होती, हे खरेच. हनीफ महंमद, पॉली उम्रीगर, चंदू बोर्डे यांच्यासारखे फलंदाज होते आणि त्यांनी धावांचे डोंगर उभे केले. पण चार-चार, पाच-पाच दिवस एकमेकांसमोर उभे राहून दोन चांगले संघ बारा वेळा निकालाशिवाय परततात, याचे कारण नुसत्या मातीत शोधता येत नाही. हार ही आता खेळाडूची राहिली नव्हती, राष्ट्राची झाली होती. ज्याची हार राष्ट्राची हार ठरणार, तो कर्णधार डाव घोषित करताना दहादा विचार करतो. तो धोका पत्करत नाही. तो जिंकण्याकरता खेळत नाही, न हरण्याकरता खेळतो. कुस्तीच्या भाषेत सांगायचे तर पकडच घ्यायची नाही, खडाखडीतच वेळ काढायचा आणि पंचाने हात वर करून बरोबरीत सोडवले की सुटलो म्हणायचे.

वैरभावाने खेळ जोमदार होतो असा एक समज आहे. या बारा सामन्यांचा पुरावा उलट आहे. वैरभावाने खेळ भित्रा झाला.

याच मालिकेचा पाचवा सामना १९६१ च्या फेब्रुवारीत दिल्लीत खेळला गेला. त्याच फेब्रुवारीत जबलपूर जळत होते. स्वातंत्र्यानंतर देशाला हादरवणारी ती पहिली मोठी दंगल मानली जाते. अफवांनी आणि भडक बातम्यांनी तिला हवा दिली. त्याच वर्षी राष्ट्रीय एकात्मतेसाठी देशपातळीवर जे प्रयत्न सुरू झाले, त्यामागे जबलपूरच्या घटनेचा धक्काही होता. या दोन गोष्टींचा कार्यकारणसंबंध मी जोडत नाही. दिल्लीच्या सामन्यामुळे जबलपुरात काही झाले असे म्हणायला आधार नाही. मला एवढेच दिसते, की दिल्लीच्या मैदानावर शिष्टाचार होता. पाकिस्तानी खेळाडूंना पाहायला गर्दी लोटत होती, १९५५ साली लाहोरच्या कसोटीसाठी सीमा उघडली तेव्हा हजारो भारतीय प्रेक्षक पलीकडे गेले होते. परदेशी मुसलमान खेळाडूशी सौजन्याने वागणे देशाला जमत होते. स्वतःच्या गल्लीतल्या मुसलमानाशी तसे वागणे त्या महिन्यात आपल्या शहराला जमले नाही. म्हणजे क्रिकेटच्या मैदानावरचा सलोखा आपोआप गावात झिरपत नाही. दुर्दैव असे, की मैदानावरचे वैर मात्र झिरपते.

ते कसे झिरपते, हे सामन्याच्या रात्री कोणत्याही शहरात पाहावे. भारत जिंकला की फटाके कोणत्या गल्लीच्या तोंडाशी फुटतात, घोषणा कोणाच्या दारापुढे थांबून दिल्या जातात, हे आपल्याला ठाऊक असते. सामना दुबईत किंवा मेलबर्नमध्ये असतो, परीक्षा मात्र शेजाऱ्याची घेतली जाते. ‘तू कोणाच्या बाजूने?’ हा प्रश्न साध्या कुतूहलाने विचारला तर त्यात काही वावगे नाही. पण तो एकालाच विचारला जातो आणि दुसऱ्याला कधीच विचारला जात नाही, तेव्हा त्याचे स्वरूप बदलते.

येथे आपण जबलपूरच्या मराठी माणसांनी थोडे स्वतःकडे पाहावे. भोसल्यांच्या अमलापासून आपण येथे आहोत. पुढे रेल्वे, कारखाने, शाळा, न्यायालय यांच्या निमित्ताने आणखी घरे आली. २०२२ च्या जूनमध्ये बंगळुरूला रणजी करंडकाचा अंतिम सामना मध्यप्रदेश आणि मुंबई यांच्यात झाला. मध्यप्रदेशाने तो ६ गडी राखून जिंकला आणि पहिल्यांदाच करंडक मिळवला. प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित, मुंबईच्या क्रिकेटमध्ये वाढलेला मराठी माणूस. १९९९ साली याच मैदानावर मध्यप्रदेशाचे कर्णधार म्हणून त्यांच्या हातून हाच करंडक निसटला होता. त्या पाच दिवसांत आपल्यातल्या कितीजणांचे मन मुंबईकडे होते, कितीजणांचे मध्यप्रदेशाकडे आणि कितीजणांचे एकाच वेळी दोन्हीकडे, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. मुंबईसाठी टाळ्या वाजवल्या म्हणून कोणी आपल्याला ‘मग तिकडेच जा’ असे म्हणाले नाही. आपल्या निष्ठेचा दाखला कोणी मागितला नाही, आणि म्हणूनच मध्यप्रदेश जिंकल्यावर आपला आनंद मोकळा होता. ज्याला दाखला मागितला जातो, त्याचा आनंद मोकळा राहत नाही. तो खरोखरच आनंदला असला तरी त्याला तो दाखवावा लागतो, आणि दाखवलेला आनंद बघणाऱ्याला खोटा वाटतो.

इंग्लंडमध्ये १९९० साली नॉर्मन टेबिट या राजकारण्याने स्थलांतरितांसाठी अशीच कसोटी सुचवली होती: सामना असतो तेव्हा तुम्ही कोणाला पाठिंबा देता, ते सांगा. आपल्याकडे त्या सूचनेबद्दल रागच व्यक्त झाला, आणि तो योग्य होता. २०२२ च्या ऑक्टोबरात मेलबर्नच्या मैदानावर भारत-पाकिस्तान सामन्याला ९०,२९३ प्रेक्षक होते. त्यांत ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व घेतलेली मराठी कुटुंबेही तिरंगा घेऊन बसलेली असणार. तीच कुटुंबे ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सामन्यातही तिरंगाच फडकवतात आणि आपण इकडे अभिमानाने त्यांची छायाचित्रे पाहतो. त्यांच्या देशनिष्ठेबद्दल कोणी ऑस्ट्रेलियन शंका घेऊ लागला, तर आपल्याला तो अन्याय वाटेल. जी कसोटी आपल्या माणसांना लावलेली आपल्याला चालत नाही, ती दुसऱ्यांना लावण्याचा अधिकार आपल्याला कोठून मिळतो?

शिवाय ही कसोटी अशी आहे की तीत कोणी कधी उत्तीर्ण होत नाही. श्रीरामपूरच्या झहीर खानने २०११ च्या विश्वचषकात २१ बळी घेतले. महंमद शमीने देशासाठी वर्षानुवर्षे गोलंदाजी केली. तरी २०२१ च्या ऑक्टोबरात दुबईला भारत पाकिस्तानकडून १० गडी राखून हरला, तेव्हा अकरा जणांच्या पराभवाचा जाब समाजमाध्यमांवर शमीला वेगळा विचारला गेला. कर्णधार विराट कोहली उघडपणे त्याच्या पाठीशी उभा राहिला, हे त्याचे मोठेपण. १९६५ च्या सप्टेंबरात खेमकरणच्या रणात जीपवरच्या तोफेने पॅटन रणगाडे फोडणारे आणि तेथेच धारातीर्थी पडलेले परमवीरचक्र विजेते अब्दुल हमीद हे चौथ्या ग्रेनेडियर्सचे. त्यांच्या रेजिमेंटचे केंद्र आपल्या गावात आहे. पण त्यांचे नाव येथे घेताना मला संकोचही वाटतो. एका सामान्य शिंप्याला किंवा रिक्षावाल्याला संशयातून मुक्त करण्यासाठी परमवीरचक्र पुढे करावे लागत असेल, तर दोष त्याच्या निष्ठेत नाही, मागणाऱ्याच्या मागण्यात आहे. सीतेने अग्निदिव्य केले, तरी धोब्याचे बोलणे थांबले नाही. दिव्य मागणाऱ्याला उत्तर नकोच असते.

मग प्रेक्षकाने करायचे तरी काय? तटस्थ राहायचे? नाही. तटस्थ प्रेक्षकाला सामन्याची चवच कळत नाही. आपला संघ जिंकावा असे मनापासून वाटावे, हरला तर जेवण गोड लागू नये. प्रश्न त्यानंतरचा आहे. १९९९ च्या जानेवारीत चेन्नईला सचिन तेंडुलकरने पाठदुखी सोसत १३६ धावा केल्या, विजय हाताशी आला आणि निसटला; पाकिस्तान १२ धावांनी जिंकले. मैदान क्षणभर सुन्न झाले. मग प्रेक्षक उभे राहिले आणि त्यांनी पाकिस्तानी संघासाठी टाळ्या वाजवल्या. वसीम अक्रमच्या खेळाडूंनी मैदानाला फेरी मारली. त्या प्रेक्षकांना दुःख कमी झाले होते असे नाही. आपल्याला हरवणारा आपल्या तोडीचा होता, एवढे त्यांनी मान्य केले. काही आठवड्यांनी कोलकात्याला, तेंडुलकर धावबाद झाल्यावर, प्रेक्षकांनी एवढा गोंधळ घातला की अखेर त्यांना बाहेर काढून रिकाम्या मैदानात सामना संपवावा लागला. त्याआधी १९९१ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या वानखेडे मैदानाची खेळपट्टी उखडली गेली होती, आणि १९९९ च्या जानेवारीत दिल्लीची. चेन्नईचा प्रेक्षक कोलकात्याच्या किंवा मुंबईच्या माणसाहून कमी देशभक्त होता, असे कोण म्हणेल?

आता सर्वांत अवघड जागेकडे येतो. २०२५ च्या २२ एप्रिलला पहलगामला २६ माणसे मारली गेली. त्यांतली सहा महाराष्ट्रातली होती. सप्टेंबरात आशिया चषकात दोन्ही संघ तीनदा समोरासमोर आले. भारत तिन्ही सामने जिंकला आणि एकाही सामन्यात खेळाडूंनी हस्तांदोलन केले नाही. एका सामन्यात पाकिस्तानच्या फलंदाजाने अर्धशतक झाल्यावर बॅट बंदुकीसारखी रोखली. तोफा घडवणाऱ्या शहरातून ते दृश्य पाहताना एकच वाटले: ज्याने खरी बंदूक चालवली आहे, तो असे करणार नाही.

हस्तांदोलन नाकारण्याच्या बाजूने जे म्हटले जाते ते हलके नाही. ज्या घरातला माणूस गेला, त्या घराला हातात हात घातलेले छायाचित्र कसे पाहवेल? या युक्तिवादापुढे मी मान झुकवतो. पण तो युक्तिवाद खरा मानायचा, तर तो हस्तांदोलनापाशी थांबत नाही. त्या घराला नाणेफेक तरी कशी पाहवेल? जाहिराती, षटकार, रात्रीचा जल्लोष? दुःखाचा मान राखायचा तर सामना खेळू नये, हे एक सरळ उत्तर आहे. असे म्हणणारे लोक त्या वेळीही होते आणि त्यांचे म्हणणे मला समजते. दुसरे सरळ उत्तर असे, की सरकारचे भांडण सरकार पाहील, सैन्याचे काम सैन्य करील, आपण खेळू आणि खेळाच्या रीतीने खेळू. १९९९ च्या जूनमध्ये कारगिलचे युद्ध चालू असतानाही मँचेस्टरला विश्वचषकाचा सामना झाला होता. या दोन्ही उत्तरांना काही किंमत मोजावी लागते. पहिल्यात पैसा आणि गुण सोडावे लागतात, दुसऱ्यात लोकांचा रोष पत्करावा लागतो.

मला न पटणारे उत्तर तिसरे आहे: सामना खेळायचा, उत्पन्न घ्यायचे, गुण घ्यायचे आणि फक्त हात मागे घ्यायचा. यात कोणीच काही सोडत नाही. हस्तांदोलन ही मैत्रीची खूण नसते. ‘तू माझी जोड आहेस, आता आपण नियमाने लढू, आणि लढलो’ एवढीच ती कबुली असते. तालमीत वर्षभर एकमेकांचे तोंड न पाहणारे मल्लसुद्धा सलामी देतात. ती द्यायची नसेल तर फडात उतरू नये. उतरलो तर ती द्यावी. हा निर्णय खेळाडूंचा एकट्याचा नव्हता, कर्णधाराने मंडळ आणि सरकार यांच्याशी तो सुसंगत असल्याचे सांगितले होते. म्हणून मी खेळाडूंना दोष देत नाही. आपण प्रेक्षकांनी तो निर्णय किती सहज साजरा केला, याची मला चिंता वाटते. ज्यांना खरोखर लढायचे होते ते वेगळे लोक होते, वेगळ्या ठिकाणी. आपण सोफ्यावर बसून त्यांच्या शौर्यातला वाटा फुकट मागितला.

दोन्ही संघांत शेवटची कसोटी २००७ च्या डिसेंबरात झाली. २०१२-१३ नंतर द्विपक्षीय मालिका झालेली नाही. आता वर्षा-दोन वर्षांनी कोठेतरी तिसऱ्या देशात एखाद-दुसरा सामना होतो, आणि सगळा साठलेला द्वेष त्या काही तासांत ओतला जातो. पाच दिवसांच्या खेळात समोरच्याचा चेहरा दिसतो, त्याचा थकवा दिसतो, त्याची चिकाटी मान्य करावी लागते. तीन तासांत फक्त झेंडा दिसतो. पुन्हा कधी कसोटी मालिका होईल का, हे ठरवणे आपल्या हातात नाही. ते निर्णय दिल्लीत आणि इस्लामाबादेत होतात, आणि सीमेवर काय घडते त्यावर ते अवलंबून राहणार.

आपल्या हातात जे आहे ते फार थोडे आहे. पुढचा सामना होईल तेव्हा आपल्या वाड्यात, सोसायटीत, कारखान्याच्या पाळीवर कोणालाही ‘तू कोणाच्या बाजूने’ असे विचारायचे नाही. फटाके लावायचे तर आपल्याच दारात लावायचे. आणि समोरच्याने चांगला चेंडू टाकला, तर तो चांगला होता असे मुलांसमोर मोठ्याने म्हणायचे. १९६१ च्या त्या फेब्रुवारीत या गावाने जे गमावले, त्याच्या तुलनेत ही मागणी मोठी नाही.